बेशरमाची काडी आणि बिननावाचा अर्ज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन, माननीय आबारावजी. तालुक्याहून वेळ काढून आलेले पशुवैद्यकीय अधिकारी, माननीय साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, आपल्या गुरांच्या दवाखान्याचे स्टॉकमन, मच्छिंद्रराव वाघमारे, ज्यांना सारं गाव डॉक्टर म्हणतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौभाग्यवती कस्तुराबाई. सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेले संस्थेचे सर्व सभासद, माताभगिनी. आणि मागं दारापाशी एकट्याच बसलेल्या दगडाबाई.

आजवर मी कुठल्या भाषणात असं खाली बसलेल्या एकाच माणसाचं नाव घेऊन संबोधन केलेलं नाही. आज का घेतलं, ते बोलण्याच्या ओघात येईल.

मी अण्णाराव. या संस्थेचा टेस्टर. माझी ओळख करून द्यायची गरज नाही, कारण इथं असा एक सभासद नसेल ज्याच्या दुधात मी लॅक्टोमीटर बुडवून, डोळे बारीक करून, मग त्याच्या तोंडाकडं पाहिलेलं नाही. दहा वर्षं झाली. माझा स्वभाव संशयी आहे, असं आपण पाठीमागं म्हणता. पाठीमागं कशाला, तोंडावर म्हणा. ज्या माणसाला सकाळ-संध्याकाळ दीडशे चरव्यांवर संशय घेण्याचाच पगार मिळतो, त्याचा स्वभाव आणखी कसा होणार? मघाशी डॉक्टरांना घालायची शाल घडीतून काढली, तेव्हासुद्धा मी तिचा कोपरा चुरगाळून पाहिला. आबाराव, रागावू नका. सोलापूरहून खास आणली, असं आपण दोनदा म्हणालात, म्हणून पाहिला. एकदाच म्हणाला असता तर पाहिला नसता.

आबारावांनी मला माईकपाशी येण्याआधी कानात सांगितलं, "अण्णाराव, पाच मिनिटं बोला, गोड बोला. आन् त्या अर्जाचा इषय काढू नका." पाच मिनिटांचं मी पाहतो. पण सभागृहातला प्रत्येक माणूस ज्या एका गोष्टीचा विचार करत बसलाय, ती सोडून बाकीचं किती गोड बोलायचं? डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला, त्यात लिहिलं होतं, "प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने." तक्रार बिननावाची. तेव्हापासून दोन महिने हे गाव एकमेकांकडं पाहतंय आणि मनात एकच विचारतंय, की अर्ज कुणी केला? आबारावांना वाटतं, विरोधी गटानं. विरोधी गटाला वाटतं, आबारावांनी. आणि उरलेल्या सगळ्या गावाला वाटतं, दगडाबाईनं.

असो. आधी सत्कारमूर्तींविषयी चार शब्द.

डॉक्टर आले एक्याऐंशी साली, तुळजापूरच्या बाजूनं. आपल्या संस्थेच्या मागं जी दोन खोल्यांची जागा आहे, एकीत दवाखाना आणि एकीत बिऱ्हाड, तिथं उतरले. त्या खोल्यांच्या परसात आपलं तळं. हे तळं बहात्तरच्या दुष्काळी कामात खोदलेलं. इथल्या अर्ध्या लोकांनी त्यात घमेली वाहिली आहेत. पुढं संस्था निघाली तेव्हा आपण ठरवलं, की दुधाचे कॅन सकाळी ट्रक येईपर्यंत त्या तळ्याच्या पायरीवर, गळ्याइतक्या पाण्यात उभे करायचे, म्हणजे दूध नासायचं नाही. बर्फ कुणाच्या बापानं पाहिला होता?

आता कॅन पाण्यात ठेवायचे म्हटल्यावर गुरंढोरं तिथं यायला नकोत. कुंपण पाहिजे. तारेला पैसे नव्हते. तेव्हा संस्थेतल्या एका हुशार माणसानं सासुरवाडीहून येताना, एका कॅनॉलच्या काठावरून दोन डझन बेशरमाच्या काड्या तोडल्या, सायकलीच्या कॅरिअरला बांधल्या आणि आणून तळ्याभोवती खोचल्या. बेशरमाला पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. दोन वर्षांत तळ्याभोवती पुरुषभर उंचीचं हिरवंगार कुंपण उभं राहिलं, वर जांभळट गुलाबी फुलं. बाहेरचे पाहुणे आले की आपण त्यांना मुद्दाम मागं नेऊन दाखवायचो. सोनारीच्या यात्रेला जाणारे लोक वाटेत थांबून म्हणायचे, काय गार वाटतंय हो तुमच्याकडं! त्या हुशार माणसाचा संस्थेनं नारळ देऊन सत्कार केला होता. तो नारळ मी घरी नेऊन फोडला. हो, तो हुशार माणूस मीच.

डॉक्टर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते तळ्याकडं बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "अण्णाराव, हे कुणी लावलं?" मी छाती काढून म्हणालो, मी. ते नुसतं "बरं" म्हणाले. आणि मला पहिला संशय आला. माणूस काहीतरी मनात ठेवून "बरं" म्हणाला, तर त्याचा अर्थ बरा नसतो, हे मी दूध घालणाऱ्यांकडून शिकलोय.

दुसरा संशय चहाचा. हा माणूस रात्री-अपरात्री म्हैस अडली म्हणून बोलावलं तर यायचा, कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवायचा, आणि काम झालं की हात धुऊन सरळ चालू लागायचा. चहा घ्या म्हटलं तर, "नको, झालाय." मला वाटलं, शिष्ट आहे. वर्षभरानं लक्षात आलं, की गावात आल्या आल्या दोन-तीन घरांत त्यांना चहा वेगळ्या कपात दिला गेला होता. कान तुटलेल्या, खिडकीत ठेवलेल्या कपात. त्यातलं एक घर माझं होतं.

साहेब, आपण पाणी घ्या. मी अजून थोडा वेळ घेणार आहे.

त्र्याऐंशीचा उन्हाळा आपल्याला आठवत असेल. कडबा संपला, बांधावरची हराळी मुळासकट जळाली. हिरवं म्हणून गावात एकच काय ते उरलं, तळ्याभोवतीचं बेशरम. आणि फाल्गुनात डॉक्टरांनी शेळ्यांना लस टोचली. त्यानंतर पंधरा दिवसांत दगडाबाईंच्या शेळ्या लटपटायला लागल्या. मान हलायची, मागचे पाय दुमडायचे, उभ्या जागी कोसळायच्या. चार शेळ्या होत्या त्यांच्या. घरात दुसरं मिळवतं कुणी नाही, हे मी सांगायला नको. आठ दिवसांत तीन गेल्या.

दगडाबाई दवाखान्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि काय बोलल्या ते सगळ्या गावानं ऐकलं. "डाक्टर, तुमच्या सुईनं माझं घर बुडवलं! काय टोचलं वो माझ्या शेरड्यास्नी?" बाईंचं काय चुकलं? सुई टोचलेली दिसली होती, शेळी मेलेली दिसली होती. कुणीही हेच म्हटलं असतं. मीही म्हटलं. मी तर जास्तच म्हटलं.

चावडीत बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांनी सोनारीच्या काळभैरवापुढं नारळ ठेवून शपथ घ्यावी, की लशीत खोट नव्हती. आपल्याकडची ही जुनीच पद्धत. भांडण मिटत नाही तेव्हा आपण देवापुढं जातो. नावं घेत नाही, पण ते कुणीतरी म्हणजे पुन्हा मीच. मला पक्कं माहीत होतं, की डॉक्टर बौद्ध आहेत, ते नारळ ठेवणार नाहीत. आणि नाही ठेवला, की गाव काय समजायचं ते समजेल.

डॉक्टर उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी शपथ घेणार नाही. माझा तो मार्ग नाही, आणि शपथेनं शेळी कशानं मेली हे कळतही नाही. आज सकाळी गेलेली शेळी अजून पुरलेली नाही. दगडाबाईंची परवानगी असेल, तर मी तुमच्यासमोर तिचं पोट उघडतो."

दगडाबाई म्हणाल्या, "उघडा. मला बगायचंच हाय."

लिंबाखाली गोणपाट टाकून त्यांनी शेळी उघडली. पोटात काय होतं? पाला. हिरवा, चावलेला, चिकट पाला. त्यातलं एक पान जवळजवळ अख्खं होतं. डॉक्टरांनी ते पाण्यानं धुतलं, तळहातावर पसरलं आणि कुणालाही काही न सांगता माणसांमधून फिरवलं. बदामाच्या आकाराचं, टोकदार. प्रत्येकानं पाहिलं आणि प्रत्येकजण तळ्याकडं वळून पाहू लागला. तेव्हा ते म्हणाले, की हे जनावर खात नाही असं आपण समजतो. एरवी खातही नाही. पण दुष्काळात दुसरं हिरवं नसलं, की शेळी एकदा तोंड लावते, मग तिला त्याची चटकच लागते, मग दुसरं काही दिलं तरी ती तिकडंच धावते. विष हळूहळू अंगात भिनतं.

मी त्या पानाकडं पाहिलं आणि म्हणालो, "असा पाला कुठंही असतो. ओढ्याला असतो." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. माणसाला पटवून घ्यायचं असलं, की त्याला दोन माना पुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेत आलो तर परसातून आवाज. डॉक्टर धोतराचा काचा मारून, टिकाव घेऊन बेशरमाच्या मुळाशी लागले होते. कस्तुराबाई तोडलेले फोक गोळा करून दूर मुरमाच्या खडकावर उन्हात टाकत होत्या, कारण याची काडी ओल्या जागेत पडली की पुन्हा फुटते. मी विचारलं, संस्थेची परवानगी? म्हणाले, "परस माझ्या क्वार्टरचं आहे. तळं तुमचं आहे. मी परसातलं काढतोय."

मित्रहो, आता माझा संशय बहरात आला. माणूस पगार घेतो जनावरांचा आणि खणतो झुडपं, का? दोन महिने तो रोज सकाळी तास-दीड तास खणत होता. मी कॅनच्या रांगेआड बसून बघत असायचो. आधी मला वाटलं, तळ्यात मासे सोडून ठेका घ्यायचा असेल. मग वाटलं, परस मोकळं करून जागा नावावर करायची असेल. एकदा ते भिजलेलं पोतं खांद्यावर टाकून सीना नदीच्या बाजूनं आले. पोतं दवाखान्याच्या ओट्यावर ठेवून आत गेले, तेवढ्यात मी तोंड सोडून हात घातला. पातं लागून बोट कापलं. आत गवताचे ठोंब. नुसते ठोंब, मुळाला ओली माती. हुंगून पाहिलं तर गार वास.

डॉक्टर मागं उभे होते. मी विचारलं, "काय आणलंत?"

"वाळा."

"कशाला?"

"लावायला. दगडाबाई म्हणाल्या, इथं पूर्वी वाळाच होता."

"आन् यात तुमचा फायदा काय?"

ते हसले. "अण्णाराव, मी पण तेच शोधतोय. तुम्हाला सापडला तर मला सांगा."

दगडाबाई म्हणाल्या! शेळ्या गेलेली बाई, चारचौघांत डॉक्टरला नको ते बोललेली बाई, ती आता त्याच परसात खुरपं घेऊन बसली होती. ते पान पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी आपणहून आली होती. मी तिलाही गाठलं. विचारलं, तुला काय मिळतं गं? ती हात न थांबवता म्हणाली, "अण्णाराव, तळं खणायच्या आदी हितं वगळ व्हता, पावसाळी वढा. काठानं वाळा, निरगुडी, दोन करंजाची झाडं. दुष्काळाच्या कामावर मुकादम म्हनला काढा, तवा म्या सोताच्या हातानं काढलंय समदं. मजुरी घेतली त्याची. आता डाक्टर लावत्यात तर कुटं काय व्हतं ते मला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला ठावं हाय का? तुमाला हाय का?"

मला नव्हतं ठाऊक. मी याच गावचा, त्याच वगळातून शाळेत गेलेलो, आणि मला नव्हतं ठाऊक.

त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला.

थांबा. आबाराव, बसा. माईक काढून घेऊ नका. मी पाच मिनिटांचा वायदा मोडला आहे, आता पुरता मोडू द्या.

हो, तो अर्ज मी लिहिला. त्र्याऐंशीच्या ज्येष्ठात. दुपारी, संस्थेत कुणी नसताना, संस्थेच्याच टेबलावर. लिहिलं, की सदर कर्मचाऱ्यानं टोचलेल्या लशीनं शेळ्या दगावल्या. लिहिलं, की ज्या पाण्यात दुधाचे कॅन ठेवतात त्या पाण्यात सदर कर्मचारी रोज उतरतात, त्यामुळे अस्वच्छता होते व सभासदांच्या भावना दुखावतात. जातीचं नाव मी लिहिलं नाही. अस्वच्छता हा शब्द मी तिथं ठेवला, कारण वाचणाऱ्याला कळतं आणि लिहिणाऱ्यावर येत नाही. त्याच पाण्यात मी रोज पाय धूत होतो. त्याच पाण्यात, कुंपण असूनही, आबारावांची म्हैस दुपारभर डुंबत होती. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. खरं कारण एवढंच, की ते पान माझ्या काडीचं होतं, आणि ज्याच्यासाठी मी कान तुटलेला कप ठेवला होता, त्यानं ते सगळ्या गावाला दाखवलं होतं.

खाली लिहिलं, "आपले विश्वासू, त्रस्त ग्रामस्थ." गावच्या पोस्टमनवर माझा विश्वास नाही म्हणून परंड्याला जाऊन पेटीत टाकला.

पुढं काय झालं? काहीच नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, चौकशीला कुत्रंही आलं नाही. मी समजलो, गेला असेल टोपलीत. आणि इकडं परसात काय झालं, ते मी पाहत होतो, कारण पाहणं मला सोडवत नव्हतं. वाळ्यानं बांध धरला. पाण्यालगत लव्हाळा आपोआप आला. वरच्या अंगाला करंजाची रोपं, निरगुडी. बेशरमाच्या सावलीत पाण्याला जो कुजका वास यायचा, तो गेला. बेडूक आले. साहेब, आपण हसाल, पण मी एकदा त्या पाण्यात लॅक्टोमीटर बुडवून पाहिला. या माणसानं नक्की काय केलंय ते कशानं तरी मोजता यावं, असं मला वाटत होतं. उन्हाळ्यात पूर्वी चैत्रातच कॅन चिखलात उभे राहायचे. पंच्याऐंशीला वैशाख उजाडला तरी गळ्याइतकं पाणी होतं. मला हे आवडायला लागलं होतं, हे मी सरळ सांगतो. गेल्या पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यातला वाळा मी लावला. डॉक्टर म्हणाले, "अण्णाराव, मुळं वाकवू नका, सरळ सोडा." दोघं गुडघाभर चिखलात होतो. वर आल्यावर कस्तुराबाईंनी चहा दिला. मी घेतला. कप साऱ्यांचे सारखे होते.

त्यानंतर मला रोज त्या अर्जाची आठवण यायला लागली. एक दिवस मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाला विचारलं, एका बिननावाच्या अर्जाचं काय झालं, ते कळेल का? तो म्हणाला, तुमचा आहे का? मी म्हणालो, छे. मग तुम्हाला काय करायचंय? मी म्हणालो, समजा एखाद्याला मागं घ्यायचा असेल, तर? तो म्हणाला, "सोपं आहे. ज्यानं दिला त्यानं तसं लिहून, खाली नाव घालून सही करावी."

बघा, केवढी सोपी गोष्ट. बिननावाचा अर्ज द्यायला नाव लागत नाही. मागं घ्यायला लागतं. मी कचेरीबाहेर चहा प्यायलो आणि एसटीनं परत आलो.

आणि या फाल्गुनात, पावणेतीन वर्षांनी, हुकूम आला. डॉक्टरांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुरुमच्याही पुढं, आणि वर सेवापुस्तकात शेरा. आणि गावानं ठरवलं, की हुकमात शेळ्यांचा उल्लेख आहे म्हणजे अर्ज दगडाबाईचा. त्या दिवसापासून हापशावर बायका तिची घागर लागली की बाजूला होतात. तिच्या शेणी कुणी घेत नाही. तिला कुणी हाक मारत नाही. आज या सभागृहात इतकी दाटी आहे, की पोरं खिडकीत बसलीत, आणि तिच्या दोन्ही बाजूला दोन दोन हात सतरंजी मोकळी आहे. वळून पाहा हवं तर.

महिन्यापूर्वी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "अण्णाराव, तुमी लिवनारं मानूस. माझ्या नावानं एक कागूद लिवा सायबास्नी. म्हनावं, डाक्टरावर म्या अर्ज केला न्हाय. म्या बोलले व्हते त्यास्नी, पर तोंडावर बोलले व्हते. आन् ज्यानं केला त्याचं वाटोळं हू दे, असंबी लिवा."

मी लिहिलं. वाटोळं हा शब्दही लिहिला, तिनं दोनदा विचारलं, लिवलं का म्हणून. तिनं अंगठा उठवला. मी म्हणालो, उद्या पोस्टात टाकतो. तो कागद मी टाकला नाही. का? कारण दोन्ही अर्जांचं अक्षर एक आहे. कचेरीत कुणी एकाशेजारी एक ठेवले असते, तर पकडला गेलो असतो. महिनाभर ती बाई रोज सकाळी संस्थेच्या दारात येऊन विचारते, "उत्तर आलं का वो?" आणि मी रोज सांगतो, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

गेल्या रविवारी तळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बेशरमाचे दोन कोंब वर आलेले दिसले. एरवी माझ्या मनात पहिलं आलं असतं, की हे कुणी लावले? या वेळी आलं नाही. बसून उपटले. मूळ खोल होतं, कोपरापर्यंत हात घालावा लागला. तिथंच ठरवलं, की आज बोलायचं.

डॉक्टर, आपला ट्रक बाहेर भरून उभा आहे. हुकूम माझ्या भाषणानं फिरत नाही, हे मला कळतं. जे गेलं ते मी परत आणू शकत नाही. पण शेरा पुसता येतो का, हे साहेब पाहू शकतात, आणि त्यासाठी मी हे दोन कागद आणले आहेत. साहेब, हा पहिला दगडाबाईंचा. यावर त्यांचा अंगठा आहे आणि महिनाभर माझ्या खिशात राहून तो थोडा पुसट झालाय, त्याला मी जबाबदार. हा दुसरा माझा. यात अर्ज मागं घेतला आहे, बेशरम कुणी लावलं ते लिहिलं आहे, पाण्याच्या मजकुरामागं खरं काय होतं तेही लिहिलं आहे, आणि खाली नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि सही आहे. तिसरा आपल्या फायलीत आहे. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहा. माझ्या शब्दावर जाऊ नका. मी असतो तर गेलो नसतो.

सभासदहो, तळ्यावर लक्ष ठेवा, असं मी आपल्याला सांगणार होतो. पण आपण ठेवाल, असा मला भरवसा नाही. माझ्यावर आपला राहिला नसेल. तेव्हा एक करा, कुणीतरी रोज माझ्यावर लक्ष ठेवा, मी तळ्यावर ठेवीन. दगडाबाई, जमलं तर ते तुम्हीच करा. कुठं काय होतं, ते अजून तुम्हालाच ठाऊक आहे.

आबारावांनी मला बोलायची संधी दिली, त्यांना आता तिचा पश्चात्ताप होत असेल, तरी त्यांचे आभार. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांचे आभार. कस्तुराबाईंचे त्या एका कपाबद्दल. डॉक्टर, आपण मघापासून माझ्याकडं पाहताय, पाच वर्षांपूर्वी तळ्याकडं पाहत होतात तसे. आज नुसतं "बरं" म्हणू नका. काहीही म्हणू नका. तेवढा हक्क मी कमावलेला नाही.

प्रथेप्रमाणं वक्त्यानं शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घ्या. बोलण्यात आज माझं काही अधिक-उणं झालेलं नाही. लिहिण्यात झालं. त्याची मी, या दोघांची, भर सभेत, नावानिशी माफी मागतो आणि खाली बसतो. तिकडं मागं, दगडाबाईंच्या शेजारी जागा मोकळी आहे.